बैलाचे दात बघतो, पामेरियनचे का नाही?

जानेवारीत सोलापुरात सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, गड्ड्याची जत्रा सजते, त्याच दिवसांत जनावरांचा बाजारही भरतो. तिथे खिलार खोंडाचा सौदा ठरण्याआधी गिऱ्हाईक पहिलं काम करतं ते जनावराचं तोंड उघडण्याचं. खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला की वय कळतं: अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. विकणारा काही का सांगेना, दात खरं सांगतात यावर आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा विश्वास पक्का. सांगोल्याच्या बाजारात मिसरूडही न फुटलेली पोरं बैलाचे दात वाचताना मी पाहिली आहेत.

आणि त्याच जिल्ह्याच्या शहरात, जुळे सोलापुरात, होटगी रोडला, विजापूर रोडच्या कॉलन्यांमध्ये, सोफ्यावर झोपणाऱ्या लहान कुत्र्यांचं तोंड वर्षानुवर्षं कुणी उघडून बघत नाही. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधला टफी लोकांच्या मनात बसला आणि पांढऱ्या झुबकेदार स्पिट्झची हौस आणखी वाढली. आपण सगळे त्याला पामेरियनच म्हणतो. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीतला पग आला, आता शिह त्झू आणि ल्हासा आहेत. लाड भरपूर होतात. केस विंचरले जातात, वाढदिवसाला केक कापला जातो, हिवाळ्यात स्वेटर घातला जातो. ओठ मात्र कुणी वर करत नाही.

माझ्या घरात बरीच वर्षं लहान कुत्री आहेत. शेजारपाजारच्या, नात्यातल्या कुत्र्यांचीही तोंडं मी बघत आले. डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून आणि स्वतःचं बोट त्यांच्या तोंडात घालून जे कळलं, ते इथे लिहिते आहे.

१. तोंडाला घाण वास येतो तो आजाराचा.

“कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच” हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की त्यावरच एक बोर्ड रंगवून घ्यावासा वाटतो. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला नुकत्याच खाल्लेल्या अन्नाचा वास येतो. कुजका वास येतो तेव्हा हिरडीच्या कडेखाली जंतू वाढलेले असतात. तीन वर्षांचं होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांत या आजाराची थोडीफार सुरुवात झालेली असते, असं पशुवैद्यकशास्त्र सांगतं. लहान जातींत तो लवकर येतो आणि जोरात वाढतो.

आमची कुत्री कापशी आमच्याकडे आली ती मोठीच होऊन आली. नात्यातले एक काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तिथे फ्लॅटमध्ये कुत्रं चालणार नव्हतं. पांढरीशुभ्र, मायाळू, पण मांडीवर घेऊन बसवत नव्हतं इतका तोंडाला वास. डॉक्टरांनी टेबलावर तिचा ओठ समोरून वर केला तर पुढचे दात छान पांढरे. मग त्यांनी ओठाचा कोपरा मागे, पार कानाच्या दिशेने ओढला. तिथे दाढा दिसतच नव्हत्या. दाढांच्या जागी तपकिरी-पिवळं कवच होतं, हिरडीची कड लालभडक सुजलेली, आणि कापसाचा बोळा नुसता टेकवला तरी त्याला रक्त लागत होतं. तेव्हापासून मी कुणाच्याही कुत्र्याचं तोंड बघताना समोरून बघतच नाही. कोपरा मागे ओढायचा. रोग मागे असतो.

२. जबडा लहान झाला, दात तेवढेच राहिले.

पिल्लाला दुधाचे दात २८ असतात, मोठ्या कुत्र्याला ४२. आपल्याकडच्या कारवानी शिकारी कुत्र्याच्या लांबलचक जबड्यात हे ४२ दात ऐसपैस बसतात. माणसाने निवड करत करत लहान कुत्र्यांचे जबडे छोटे केले, दात मात्र त्या प्रमाणात लहान झाले नाहीत. मग ते दाटीवाटीने, तिरके, एकमेकांवर चढून उगवतात. पगच्या वरच्या जबड्यात तर काही दाढा चक्क आडव्या वळलेल्या असतात. दोन दातांच्या अशा फटीत अन्न आणि केस अडकतात आणि तिथेच हिरडी सडायला लागते.

याची दुसरी बाजू जास्त भीतीदायक आहे. लहान कुत्र्याच्या खालच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेची मुळं जवळजवळ जबड्याच्या हाडाच्या तळापर्यंत पोचलेली असतात. त्या मुळांभोवतीचं हाड आजाराने झिजलं की जबड्याला तिथे आधारच उरत नाही. सोफ्यावरून मारलेल्या साध्या उडीने जबडा मोडू शकतो. लॅब्रेडोरच्या दातांकडे थोडं दुर्लक्ष झालं तर वेळ हातात असतो. दोन-तीन किलोच्या कुत्र्याच्या बाबतीत तो फार कमी असतो.

३. दुधाचे सुळे वेळेवर पडले का, हे सहाव्या-सातव्या महिन्यात बघायचंच.

पिल्लाचे दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि साधारण सात महिन्यांपर्यंत सगळे बदलून पक्के दात येतात. लहान जातींत पक्का सुळा येतो, पण दुधाचा सुळा पडायचं नाव घेत नाही. ओठ वर केला की एकाच जागी दोन सुळे दिसतात, एक जाड, एक सुईसारखा बारीक. लोकांना गंमत वाटते, मोबाईलवर फोटो काढतात. त्या दोघांच्या मधल्या फटीत घाण साठते आणि पक्का सुळा वाकड्या जागी सरकतो, कधी टाळूत रुततो. तो दुधाचा दात डॉक्टरकडून मुळासकट काढून घ्यावा लागतो. घरी पकडीने ओढायला जाऊ नये. त्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं, आत तुटून राहतं. नसबंदीसाठी भूल देणारच असतील तर त्याच वेळी हे काम उरकून घेता येतं. डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

४. अनोळखी कुत्र्याच्या तोंडात बोट घालायचं नाही.

हे सगळं वाचून कुणाला गल्लीतल्या पिल्लाचे दात बघायचा उत्साह येईल, म्हणून मध्येच सांगते. रेबीजची लस न झालेल्या कुत्र्याचा दात किंवा लाळ जखमेला लागली तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरच्या कुत्र्याची लस दरवर्षी झालेली असली पाहिजे, ब्रश नंतर.

५. कीटण धरायला दोन-तीन दिवस पुरतात, म्हणून ब्रश रोज.

खाऊन झाल्यावर काही तासांतच दातांवर जंतूंचा चिकट, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. तो मऊ असतो तोवर बोटानेही निघतो. दोन-तीन दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरतात आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो तसं कीटण धरतं. मग ब्रश काय, नखाने खरवडलं तरी ते हलत नाही. माणसाच्या लाळेपेक्षा कुत्र्याची लाळ जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे त्यांचे दात किडत नाहीत फारसे, पण कीटण मात्र झपाट्याने धरतं. म्हणूनच “आमच्या कुत्र्याच्या दाताला कीड नाही” हा दिलासा काही कामाचा नाही. त्यांचा दात वरून शाबूत दिसतो आणि खालून, हिरडी आणि हाड झिजून, हलायला लागतो.

रविवारी एकदा छान घासून काढू, असं ठरवणाऱ्यांना हा हिशेब सांगायला हवा. रविवार येईपर्यंत बुधवारचा थर दगड झालेला असतो.

६. आधी टॉवेल, मग ब्रश.

सोलापूरकरांना यासाठी बाजारात जायची गरज नाही. आपल्याकडचा टर्किश टॉवेल घराघरात आहे. त्याचा जुना, धुऊन मऊ झालेला, तळहाताएवढा तुकडा घ्यायचा, ओला करून पिळायचा आणि तर्जनीला गुंडाळायचा. टॉवेलचे ते बारीक फासे दातावरचा थर छान पुसून काढतात.

पहिले काही दिवस तोंडात काहीच घालायचं नाही. फक्त गालावरून हात फिरवायचा, ओठ क्षणभर वर करायचा, शाबासकी द्यायची, सोडून द्यायचं. कुत्र्याला यात काही भयंकर नाही हे पटलं की बोट हळूच ओठाच्या आत, गालाच्या बाजूने सरकवायचं. जबडा उघडायला लावायचा नाही. बहुतेक जण तिथेच फसतात. दोन्ही हातांनी तोंड फाकवतात, कुत्रं घाबरतं, आणि पुढे आयुष्यभर टॉवेल दिसला की पलंगाखाली जातं. तोंड मिटलेलंच राहू द्यायचं. आपल्याला दातांची बाहेरची, गालाकडची बाजू घासायची असते. आतली बाजू त्यांची जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते.

टॉवेल अंगवळणी पडला की लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश. केस हिरडीच्या कडेशी तिरके, साधारण ४५ अंशात धरायचे आणि छोटे छोटे गोल फिरवायचे. जोर लावायचा नाही. वरच्या जबड्यातल्या मागच्या मोठ्या दाढांना सगळ्यात जास्त वेळ द्यायचा, कारण लाळेच्या ग्रंथीचं तोंड तिथेच उघडतं आणि कीटणही तिथेच आधी धरतं.

कापशीला मी रात्रीच्या जेवणानंतर, टीव्हीवरच्या मालिकेच्या जाहिरातीत मांडीवर घेत असे. तिची पाठ माझ्या पोटाला, तोंड माझ्यापासून दूर. समोरून चेहऱ्यावर वाकलं की लहान कुत्र्याला दडपण येतं, मागून घेतलं की येत नाही. ही एक युक्ती मला शहराच्या पूर्व भागातल्या एका अक्कांनी दाखवली. घरात माग, घरात पाच माणसं, आणि कोपऱ्यात त्यांचा म्हातारा डॅशहुंड. त्याचे दात त्या वयात जसे होते तसे मी बंगल्यांतल्या कुत्र्यांचेही पाहिले नाहीत. “बाळाला काजळ घालतो तसं मागून धरायचं गं,” एवढंच त्या म्हणाल्या. पैशाचा यात फारसा संबंध नाही, रोज बसण्याचा आहे.

७. आपली पेस्ट, मंजन, मिसरी त्यांना नाही.

कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड आणि फेस आणणारे पदार्थ त्याच्या पोटात जातात. शुगर-फ्री वस्तूंत झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, काही पेस्टमध्येही असतो. माणसाला तो चालतो, कुत्र्याची साखर मात्र त्याने एकदम खाली जाते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. दोन किलोच्या जिवाला त्यासाठी फार थोडा पुरतो. मीठ आणि कोळशाची पूड दाताचा वरचा चकचकीत थर खरवडून काढते, मग त्या खरखरीत दातावर कीटण आणखी लवकर धरतं. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखू, ती तर कुत्र्याच्या तोंडाजवळही नेऊ नये. कुत्र्यांसाठीची पेस्ट दवाखान्यात आणि पेट शॉपमध्ये मिळते, चिकनच्या चवीची असते, गिळली तरी चालते. नसेल तर नुसतं पाणी. घासण्याने साफ होतं, पेस्टने फक्त गोडी लागते.

८. कडक भाकरीने दात साफ होत नाहीत.

सोलापुरात हे मला सगळ्यात जास्त समजावावं लागतं. ज्वारीच्या कडक भाकरीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. महिनोन्‌महिने टिकते, मोडली की कुरकुर वाजते. कुत्र्यालाही आवडते. त्यामुळे “आमचा बंड्या कडक भाकरी खातो, त्याचे दात आपोआप घासले जातात” असं लोक खात्रीने सांगतात. आता कुत्रं ती खाताना जवळ बसून बघा. दाताचं टोक लागताक्षणी भाकरीचा तुकडा फुटतो. दात त्यात शिरतच नाही, मग हिरडीच्या कडेपर्यंत घासला जाणार कुठून? साध्या कोरड्या डॉगफूडचंही तेच. उलट भाकरीचा भुगा लाळेने भिजून मागच्या दाढांच्या फटीत लगदा होऊन बसतो. कापशीला भाकरी देऊन मी लगेच ओठ वर करून बघितलं आहे, तो पांढरट लगदा तिथे असायचाच. भाकरी द्या, पण तिला ब्रशचं काम सांगू नका. आणि भाकरीबरोबर शेंगाचटणी तर नकोच. तिच्यात लसूण असतो, तो आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

ग्लुकोजचं बिस्कीट चहात बुडवून देणं हा त्याहून वाईट लाड. बंद करा, एवढंच म्हणते.

चघळायच्या वस्तूंत काही खरोखर उपयोगी आहेत. अमेरिकेत १९९७ पासून व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल नावाची संस्था आहे. कीटण किंवा थर कमी होतो याचा पुरावा कंपनीने दिला तरच ती आपला शिक्का वापरू देते. पाकिटावर तो शिक्का शोधावा. आकारही कुत्र्याच्या वजनाप्रमाणे घ्यावा, नाहीतर लहान कुत्रं अख्खा तुकडा गिळतं.

९. नख रुतत नसेल तर ती वस्तू दातासाठी कठीण आहे.

रविवारी मटण होतं आणि नळी कुत्र्याला जाते. शिजवलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, घशात आणि आतड्यात रुततात, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. दाताचं मात्र लक्षात येत नाही. वरच्या जबड्यात चौथी उपदाढ असते, कात्रीच्या पात्यासारखं काम करणारी. कठीण हाडावर जोर लावला की तिचा बाहेरचा पापुद्रा उभा निघून येतो आणि आतली नस उघडी पडते. जनावरांची शिंगं, खूर, कडक नायलॉनची हाडं, सगळ्यांनी हेच होतं. अंगठ्याचं नख रुतवून बघायचं. खूण उमटली तर द्या, नाही उमटली तर परत घ्या.

नळीचा आणखी एक प्रकार आमच्या कॉलनीत झाला. गोल कापलेल्या नळीचं कडं शेजारच्या शिह त्झूच्या खालच्या जबड्यावर, सुळ्यांच्या मागे जाऊन बसलं. पुढेही येईना, मागेही जाईना. बिचारं पंजाने तोंड ओरबाडत होतं. दवाखान्यात भूल देऊन कडं कापून काढावं लागलं.

आणि बर्फ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, लोक मायेने फ्रिजमधला बर्फाचा खडा कुत्र्याला चावायला देतात. तोही दात फोडण्याइतका कठीण असतो. बर्फ फोडून पाण्यात टाका, गार पाणी प्यायला द्या.

उन्हाळ्याचा एक फायदाही सांगते. दुपारी कुत्रं धापा टाकत फरशीवर पसरलेलं असतं, तोंड आपोआप उघडं असतं. हात न लावता मोबाईलच्या टॉर्चने मागच्या दाढा, जीभ, टाळू सगळं बघून होतं.

१०. दुखतं ते कुत्रं सांगत नाही, खाणंही सोडत नाही.

“जेवतंय की व्यवस्थित, मग दात कसे दुखतील?” हा प्रश्न येतोच. भूक दुखण्यापेक्षा मोठी असते. सडलेले दात घेऊन कुत्री वर्षानुवर्षं जेवतात. बघायचं ते वेगळंच असतं: मान एका बाजूला कलती करून खाणं, घास तोंडातून खाली पडणं, चावता न येताच गिळणं, आवडतं खेळणं सोडून देणं, चेहऱ्याला हात लावला की दचकणं, लाळेत रक्ताची रेघ. एका बाजूच्या दातांवर कीटण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसलं तर समजावं, ज्या बाजूला जास्त आहे त्या बाजूने ते चावत नाही.

दोन खुणा खास सांगते. डोळ्याच्या जरा खाली सूज आली, फुटून पू आला, औषधाने बसली आणि परत आली, तर ते बहुधा डोळ्याचं दुखणं नसतं. मघाशी सांगितलेल्या त्या चौथ्या उपदाढेच्या मुळाशी पू झालेला असतो. दुसरी खूण शिंकांची. वरच्या सुळ्याचं मूळ आणि नाकाची पोकळी यांच्यामध्ये फार पातळ हाड असतं. ते झिजलं की तोंडातून नाकात भोक पडतं, मग पाणी पिताना शिंका येतात, एका नाकपुडीतून शेंबूड किंवा रक्त येतं. डॅशहुंडमध्ये हे विशेष दिसतं. धुळीची ॲलर्जी समजून महिनोन्‌महिने गोळ्या चालू असतात.

११. भुलीची भीती समजून घ्यावी, पण तिला शरण जाऊ नये.

कापशीचे दात साफ करायचे तर पूर्ण भूल द्यावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा घरात सगळे गप्प झाले. “एवढासा जीव, उठलाच नाही तर?” सासूबाईंनी विचारलं. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची देऊन बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. आधी रक्ताची तपासणी, म्हणजे यकृत आणि मूत्रपिंड भूल पेलतील का ते कळतं. हृदयाची तपासणी. शिरेतून सलाईन. श्वासनलिकेत नळी, कारण दात साफ करताना पाणी आणि जंतूंचा चिखल उडतो, तो फुफ्फुसात जाता कामा नये. पग असेल तर त्याच्या आखूड नाकामुळे श्वासाची जास्त काळजी, शुद्ध पूर्ण येईपर्यंत नळी आत. अगदी छोटं पिल्लू असेल तर त्याला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, साखर उतरते. आणि शरीराची ऊब. लहान कुत्रं भुलीत पटकन गार पडतं.

त्या दिवशी मी घरून जुनी सोलापुरी चादर नेली होती. काम झाल्यावर तिच्यात गुंडाळून कापशीला बाहेर आणलं तेव्हा तिची जीभ एका बाजूला लोंबत होती आणि शेपटीचं टोक चादरीतून हलत होतं. काही दाढा काढाव्या लागल्या होत्या. डॉक्टरांनी त्या एका वाटीत ठेवून दाखवल्या. वरचा भाग कीटणाने जाड झालेला, आणि मुळं काळपट, त्यांना हिरडीचा एक धागाही चिकटलेला नव्हता. असल्या दातांनी ती रोज जेवत होती.

टाके विरघळेपर्यंत मऊ भात आणि उकडलेलं चिकन कुस्करून, दिलेलं वेदनाशामक वेळेवर. माणसाची दुखण्यावरची गोळी मनाने द्यायची नाही, कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड तिने खराब होतात. मग एका सकाळी ती जिन्यातून उड्या मारत वर गेली. काकांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, “अगं, आम्हाला वाटायचं ती म्हातारी झाली.” ती दुखण्याने बसून असायची.

१२. भुलीशिवाय दात खरवडून देणाऱ्यांकडे जाऊ नये.

आंघोळ, केस, नखं आणि सोबत दात, असं हल्ली ग्रूमिंगवाल्यांकडे एकत्र मिळतं. दिसणाऱ्या भागावरचं कीटण हत्याराने काढतात, दात पांढरे दिसतात, आपल्याला बरं वाटतं. आजार हिरडीच्या खाली असतो आणि जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली कुणालाही जाता येत नाही. शिवाय कुत्र्याने मान हिसडली की हत्यार हिरडीत. खरवडल्यावर पॉलिश न केलेला दात खरखरीत राहतो, तो पुढच्या कीटणाला आमंत्रणच. अमेरिकेतल्या पशु-दंतवैद्यांच्या कॉलेजनेही भुलीशिवायच्या सफाईला ठाम विरोध केला आहे.

१३. दवाखाना निवडताना तीन प्रश्न विचारावे.

आपल्याकडचं पशुवैद्यक गाय, म्हैस, बैल, शेळी यांच्याभोवती वाढलं. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं, त्यानंतर कितीतरी पिढ्यांचे डॉक्टर खेड्यापाड्यांत जनावरांच्या खुरांवर आणि कासेवरच झिजले. पंढरपुरी म्हैस जगवणाऱ्या जिल्ह्यात ते योग्यच होतं. कुत्र्याच्या दातांची यंत्रं लहान शहरांत आता कुठे यायला लागली आहेत. म्हणून संकोच न करता विचारावं: श्वासनलिकेत नळी घालता का? सफाईनंतर पॉलिश करता का? दातांचा एक्स-रे आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ येऊ शकतं, कारण ते यंत्र महाग असतं. दाताचा मोठा भाग हिरडीखाली असतो आणि तिथलं हाड एक्स-रेशिवाय दिसत नाही, म्हणून बरेच दात हलत असतील किंवा जबड्याचं हाड झिजल्याची शंका असेल तर पुण्याला जायची तयारी ठेवावी. साधी सफाई इथेही नीट होते. पहिल्या दोन प्रश्नांवर मात्र तडजोड करू नये.

१४. दात गेले तरी कुत्रं जेवतं.

दात काढायचे म्हटलं की लोकांचा जीव तुटतो. “मग खाणार काय तो?” दुखरा, हलणारा दात तोंडात असण्यापेक्षा नसलेला बरा. हिरडी भरून आली की ती घट्ट होते आणि कुत्रं मऊ अन्न आरामात खातं. कापशीला शेवटची वर्षं मी ज्वारीची ताजी भाकरी मटण शिजवलेल्या पाण्यात भिजवून देत असे, पाणी कांदा-लसूण-तिखटाआधी बाजूला काढलेलं. ती ताटली चाटून पुसून ठेवायची. जे दात उरले होते त्यांना रात्रीचा टॉवेल शेवटपर्यंत चालू होता आणि सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे तोंड दाखवणंही. गावाला जाताना तिला ज्यांच्याकडे ठेवायचो, त्यांना खाण्याच्या डब्याबरोबर टॉवेलचा तुकडाही देत असू, आणि निघण्याआधी त्यांच्याकडून एकदा करून घेत असू.